निर्जीवाची निगा

ज्या वस्तूला वेदना होत नाहीत, जी सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही आणि जिच्या जागी उद्या दुसरी आणता येते, ती जपणे हे कर्तव्य आहे का? प्रश्न जुना आहे, पण तो विचारताना आपण बहुधा सोयीची उदाहरणे घेतो. देवळातले शिल्प, आजोबांचा तानपुरा, हस्तलिखित पोथी यांची निगा राखावी हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. त्यांच्यात सौंदर्य, आठवण आणि श्रद्धा आधीच इतकी मिसळलेली असते की कर्तव्य नेमके कशातून उगवते हे वेगळे काढता येत नाही. कसोटीला अशी वस्तू हवी जिच्याभोवती यातले काहीच नाही: सुंदर नाही, पवित्र नाही, दुर्मीळ नाही, कुणाची आठवण नाही. खिडक्या धुण्याच्या साधनातला पाण्याचा छोटा पंप तसा आहे. त्याला झिजू न देणे हा नीतीचा विषय ठरत असेल, तर निगेचे कर्तव्य वस्तूच्या मोठेपणावर अवलंबून नाही हे मान्य करावे लागेल. तसे ते ठरते, असे माझे म्हणणे आहे.

हा पंप ज्या कामात वापरतात ते आधी नीट पाहू. ब्रिटनमध्ये शिडीवर चढून काचा पुसण्याची रीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ मागे पडली. 2005 साली तिथे उंचीवरील कामाचे नियम लागू झाले. जे काम जमिनीवर उभे राहून होऊ शकते त्यासाठी माणसाला वर चढवू नये, हा त्यांचा पहिला आग्रह. आता काच धुणाऱ्याच्या व्हॅनमध्ये टाकी असते. तिच्यातले पाणी आरओ आणि रेझिनमधून काढून जवळजवळ क्षारमुक्त केलेले असते. विरघळलेले क्षार 10 पीपीएमच्या आत असले की पाणी काचेवर सुकले तरी डाग राहत नाही, त्यामुळे पुसण्याची गरजच उरत नाही. लांब बारीक नळी, तिच्या टोकाला उंच पोल, पोलच्या टोकाला ब्रश. आणि हे पाणी तिथवर ढकलतो तो 12 व्होल्टचा, हातात मावेल एवढा पंप. आत मोटर फिरते, तिरकी बसवलेली चकती डुगडुगते, रबरासारख्या पदार्थाचा पडदा खाली-वर होतो आणि छोटे व्हॉल्व्ह पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतात. त्याचे आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टी धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतात. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गाळणी नसेल किंवा ती तुंबलेली असेल, तर टाकीतले शेवाळ, कार्बनची भुकटी, फुटलेल्या रेझिनचा एखादा मणी व्हॉल्व्हखाली अडकतो. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब पडतो आणि तेवढेच पाणी देण्यासाठी मोटर अधिक वेळ धावते. ब्रशकडचे पाणी बंद केले की नळीतला दाब चढतो आणि प्रेशर स्विच मोटर थांबवतो. कुठे बारीक गळती असेल तर दाब लगेच उतरतो, मोटर पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते, आणि या धडधडीत स्विचचे संपर्कबिंदू तापून जळतात. थंडीच्या रात्री पंपात पाणी तसेच राहिले तर त्याचा बर्फ होतो, तो सुमारे 9 टक्के फुगतो आणि आवरणाला चीर जाते.

या यादीत एक गोष्ट नजरेत भरते. पंपाची सगळी झीज सारखी नाही. पडदा लाखो वेळा खाली-वर होऊन शेवटी फाटणारच. त्या झिजेबद्दल कुणाला दोष देता येत नाही. तुंबलेली गाळणी, न शोधलेली गळती, न काढलेले पाणी यांनी होणारी झीज मात्र माणसाकडून येते. ती दुष्टपणाने येत नाही. पंप मुद्दाम कुणी फोडत नाही. फक्त आज राहू दे, उद्या बघू, असे होते. नीतिशास्त्राने क्रौर्य, लोभ, असत्य यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, पण जगातल्या वस्तूंचा आणि माणसांचाही मोठा नाश या साध्या हेळसांडीने होतो. म्हणून हा पंप मला क्षुल्लक वाटत नाही.

पहिला आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. असा पंप ब्रिटनमधल्या कामगाराच्या साधारण एका दिवसाच्या कमाईत येतो. गाळणी रोज धुण्यात, गळती शोधण्यात जाणाऱ्या वेळेची किंमत काढली तर दर वर्षी नवा पंप बसवणे स्वस्त पडू शकते. मग निगेला नीती म्हणणे म्हणजे चुकलेल्या हिशेबाला मोठे नाव देणे. याचे एक उत्तर असे की किमतीत सगळा खर्च मोजलेला नसतो. मोटरमधले तांबे आणि चुंबक कुठल्या तरी खाणीतून येतात आणि टाकलेली मोटर कुठल्या तरी ढिगावर जाते. 2022 साली जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातल्या पाव हिश्शाचीही रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. पण मी या उत्तरावर फार भार देणार नाही. उद्या हा सगळा खर्च किमतीत धरला आणि तरीही नवा पंपच स्वस्त ठरला, तर माझा मुद्दा कोसळेल का? कोसळू नये. हिशेब एवढेच सांगतो की अमुक वेळी दुरुस्ती करावी की बदल. गाळणी तुंबली आहे हे दिसत असताना पंप तसाच चालू ठेवण्याचा हक्क मला कशाने मिळाला, या प्रश्नाला हिशेबाकडे उत्तर नाही, कारण तो प्रश्न पैशांचा नाही.

दुसरे एक उत्तर आपल्या घरातूनच मिळते. खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. कारखान्यातली लेथ, रिक्षा, शिलाईयंत्र यांना झेंडूचा हार चढतो. ज्याच्यावर पोट चालते त्यापुढे माणूस वर्षातून एकदा नमतो, यात खोल कृतज्ञता आहे आणि मी तिला जपण्याजोगी मानतो. पण कर्तव्याचा पाया म्हणून ती अपुरी पडते. देवत्व वस्तूत आहे असे मानले, तर ज्याला तिथे देव दिसत नाही त्याच्यावर काहीच बंधन राहत नाही. शिवाय पूजा नवमीला होते आणि गाळणी रोज तुंबते. हार घातलेल्या यंत्रात वर्षभर तेल न घालणारा माणूस आपल्या परिचयाचा आहे, आणि त्याची श्रद्धा खोटी असते असेही नाही. ती फक्त निगेपर्यंत पोचलेली नसते.

धार्मिक परंपरांनी याहून पुढे जाऊन काय सांगितले आहे ते पाहिले की वाट सापडू लागते. जैन आचारात पाणी गाळून घेणे हा मूलभूत नियम आहे. दुहेरी कापडातून पाणी गाळायचे आणि कापडात राहिलेले जीव त्याच विहिरीत किंवा ओढ्यात परत सोडायचे. साधूसाठी सांगितलेल्या पाच समित्यांमध्ये, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांमध्ये, एक समिती तर निव्वळ वस्तू उचलण्या-ठेवण्याच्या सावधपणाची आहे. मात्र जैन सावधपणाचा रोख वस्तूकडे नसतो, तिच्याखाली चिरडू शकणाऱ्या जीवाकडे असतो, हे लपवून चालणार नाही. पंपाच्या तोंडाशी बसवलेली गाळणी आणि श्रावकाचे गाळणे दिसायला सारखी असली तरी एकीत पाण्यापासून यंत्राचे रक्षण आहे आणि दुसऱ्यात आपल्यापासून पाण्यातल्या जीवांचे. म्हणजे इथून आपल्याला अर्धाच आधार मिळतो. उरलेला अर्धा बौद्ध विनयात, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांत, आहे. संघाच्या मालकीचा पलंग, बाक किंवा गादी उघड्यावर मांडून, ती न उचलता, कुणाला उचलायला न सांगता निघून जाणारा भिक्खू दोषी ठरतो. इथे कुठलाही जीव मध्ये नाही. पलंग हा पलंग म्हणूनच जपायचा आहे. कोसंबीच्या उदेन राजाची कथाही विनयातच आहे. राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरे, म्हणजे भिक्खूंची वस्त्रे, दिली तेव्हा राजाला तो लोभ वाटला आणि त्याने आनंदाला विचारले, एवढ्यांचे करणार काय? उत्तर असे: ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटणार. जीर्ण चीवरांची पलंगपोस, जुन्या पलंगपोसांची उशी-गादीची खोळ, खोळींची जमिनीवरची बैठक, तिचे पायपुसणे, पायपुसण्याचा झाडणी-फडका, आणि फडक्याच्या चिंध्या कुटून चिखलात मिसळून लिंपण. राजाचे समाधान झाले.

हा विचार एकट्या भारताचाही नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठाच्या कोठाऱ्याला सांगितले आहे की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे समजावी. अवजारे गलथानपणे हाताळणाऱ्याला समज द्यावी, असेही लगेच पुढच्या प्रकरणात येते. ज्यू धर्मशास्त्रात वेढा घातलेल्या शहराभोवतीची फळझाडे तोडू नयेत या तोराच्या आज्ञेचा विस्तार बाराव्या शतकात मैमोनिडीसने भांडी फोडणे, कपडे फाडणे, इमारत पाडणे, झरा बुजवणे, अन्न नासवणे इथपर्यंत केला. एकमेकींहून इतक्या वेगळ्या या परंपरा एकाच जागी का येतात? संघाचा पलंग, मठाचे भांडे आणि शत्रूच्या शहराभोवतीचे झाड, तिन्ही ठिकाणी वापरणाऱ्याला मालकी दिलेली नाही. दिली आहे ती वापराची मुभा. माझ्या मते निगेचे कर्तव्य इथून येते. वस्तू पवित्र आहे, महाग आहे किंवा तिला आत्मा आहे म्हणून ते येत नाही. आपण तिचा वापर करतो, आणि वापर म्हणजे इतरांच्या श्रमातून आणि पृथ्वीच्या पोटातून आलेल्या गोष्टीचा एक हिस्सा खर्च करणे, म्हणून ते येते. जेवढ्याची गरज आहे तेवढे खर्च करण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे. हेळसांडीने खर्च झालेले मात्र कुणाच्याच उपयोगी पडलेले नसते. ते कुणाकडून तरी फुकट घेतलेले असते. पंपाची किंमत मोजल्याने दुकानदाराचे देणे फिटते, पण ही फुकट गेलेली झीज त्या किमतीने विकत घेतलेली नसते. कांटने 1797 च्या आपल्या ग्रंथात निर्जीव सृष्टीतल्या सुंदर गोष्टींचा निष्कारण नाश माणसाच्या स्वतःविषयीच्या कर्तव्याविरुद्ध मानला, कारण त्याने माणसाच्या मनातली एक नैतिकतेला पोषक भावना दुबळी होते. हे खरे असेल, पण पंप सुंदर नाही, आणि मला माझ्या चारित्र्याच्या काळजीपेक्षा ज्यांच्या वाट्याचे वाया गेले त्यांची काळजी अधिक भक्कम पाया वाटतो.

आता वैराग्याकडून येणारा आक्षेप. सगळे नश्वर आहे, देहसुद्धा. मग पंपाच्या पडद्यात जीव गुंतवणे ही आसक्तीच नव्हे का? महापरिनिब्बाण सुत्तात कुशिनारेला बुद्धाचा शेवटचा उपदेश येतो. त्यात दोन गोष्टी एकामागोमाग आहेत: जे जे घडवलेले आहे ते झिजणारे आहे, आणि म्हणून अप्रमादाने, न चुकता सावध राहून, कार्य पार पाडा. तिथे ही सावधानता माणसाच्या मुक्तीसाठी सांगितली आहे, पंपासाठी नाही. तरी तर्काची दिशा पाहण्यासारखी आहे. झीज अटळ आहे यातून काही करण्यात अर्थ नाही असा निष्कर्ष तिथे निघत नाही, बरोबर उलटा निघतो. जे कधीच झिजणार नाही त्याला निगेची गरजच काय? आसक्ती आणि निगा ओळखता येतात त्या वस्तूच्या शेवटी. आसक्त माणूस वस्तू वापरायला कचरतो, जपून ठेवतो, तुटली की हळहळतो. निगा राखणारा ती पुरेपूर वापरतो आणि संपली की सोडतो. आनंदाच्या चीवरांची कुणी पेटी भरून ठेवली नाही; त्यांचे शेवटी लिंपण झाले. पडदा झिजून फाटला तेव्हा तो बदलणे आणि पंपच निकामी झाला तेव्हा त्याचे तांबे वेगळे काढायला देणे हेही निगेतच येते. कुठलीही वस्तू कायम दुरुस्त करत राहावी असे म्हणणाऱ्याचा आणि माझा रस्ता इथे वेगळा होतो.

निगेचे फळ दिसत नाही, ही अडचण वैराग्याच्या आक्षेपापेक्षा मला अधिक गंभीर वाटते. गाळणी धुतली त्या दिवशी काय घडले? काहीच नाही, पंप बिघडला नाही. जे घडलेच नाही त्याचे श्रेय कसे मोजायचे, आणि जे मोजता येत नाही ते कर्तव्य म्हणून कसे सांगायचे? इथे न्याय-वैशेषिकांची मदत होते. त्यांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, आणि उत्पत्तीपूर्वीच्या अभावाला, प्रागभावाला, वेगळे स्थान दिले. त्या नजरेने पाहिले तर बिघाडाचा प्रागभाव टिकवणे हे खरे काम आहे. ते जगात काही नवे आणत नाही, पण जे आले असते ते रोखून धरते. कर्मयोगाच्या दृष्टीनेही अशा कामाचे मोल मोठे ठरावे. टिळकांनी 1915 च्या गीतारहस्यात कर्म टाकू नये, फळावरची आसक्ती टाकावी ही बाजू सविस्तर मांडली. मोठ्या कामात ही आसक्ती सोडणे फार अवघड, कारण फळ डोळ्यांसमोर लोंबत असते. निगेच्या कामात मिरवायला फळच नसते. पंप चालावा ही इच्छा अर्थात असते, ती नसेल तर कुणी गाळणी धुणार नाही. पण त्या इच्छेपलीकडे अहंकाराला धरायला काही सापडत नाही.

यापुढचा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो आपल्या समाजाने स्वतःच्या वागणुकीने उभा केला आहे. निगेचे, सफाईचे, डागडुजीचे गुणगान या देशात शतकानुशतके झाले, पण ते काम करायला मात्र जन्माने काही माणसे नेमून दिली आणि त्या कामामुळेच त्यांना हीन ठरवले. स्वधर्माच्या नावाने ज्यांच्या हाती झाडू दिला, त्यांना झाडूची थोरवी ऐकवणे ही क्रूर थट्टा आहे. 1936 साली डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या समर्थकांना दाखवून दिले की ही केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर 1993 साली कायद्याने बंदी आली, 2013 साली अधिक कडक कायदा करावा लागला, आणि गटारात उतरून माणसे मरणे अजून थांबलेले नाही. अशा ठिकाणी निगेला धर्म म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहिले पाहिजे, माझ्याकडेही. पण माझे म्हणणे जिथे उभे आहे तो पाया तपासा. कर्तव्य जन्मातून येते असे मी म्हटलेले नाही. ते वापरातून येते. मग ज्यांनी वापरले आणि निगा दुसऱ्याच्या जन्मावर ढकलली, त्यांनीच शतकानुशतके सर्वांत मोठी हेळसांड केली आणि स्वतःला शुचिर्भूत म्हणवून घेतले. गाडगेबाबा गावात शिरताच स्वतः खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांना प्रश्न विचारत, त्यातला नैतिक जोर हाच होता: घाण ज्यांची, खराटा त्यांचा. हाच न्याय काचेला लावू. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींवर आजही माणसे दोरावर लटकून काचा धुतात. त्या काचेतून येणारा उजेड आतले लोक वापरतात. तेव्हा दोर, पट्टे, ते अडकवण्याच्या जागा यांची निगा हे फक्त लटकणाऱ्याचे कर्तव्य नाही, आत बसणाऱ्याचेही आहे, आणि माणूस मध्ये आला की त्या कर्तव्याचे वजन पंपापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. वस्तूंच्या निगेचे तत्त्व इतक्या लांबपर्यंत येऊन माणसाच्या जिवाला हात घालत नसेल, तर मला त्यात रस नाही.

शेवटी यंत्र आणि ते बनवणारा यांच्याविषयी. हल्ली पंपाला कंट्रोलर जोडतात. तो मोटरचा वेग गरजेइतकाच ठेवतो आणि पुढे पाण्याची वाट बंद झाली की विजेच्या खेचावरून ते ओळखून पंप थांबवतो. मग माणसाचे कर्तव्य उरले कुठे? कंट्रोलरला आधी सांगावे लागते की नळी केवढी, पोल किती उंच, किती खेच म्हणजे वाट बंद. हा आकडा फार वर ठेवला तर बंद वाटेवर पंप उगाच जोर लावत राहतो, फार खाली ठेवला तर पाणी वाहत असतानाच थांबतो. नळी बदलली की पुन्हा पाहावे लागते. लक्ष देण्याचे काम संपत नाही, त्याची जागा बदलते. बनवणाऱ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. निगेचे कर्तव्य वापरातून येत असेल, तर जी वस्तू उघडताच येत नाही तिच्याबाबत वापरणाऱ्याने करायचे काय? ब्रिटनने 2021 साली धुलाईयंत्रे, शीतकपाटे, टीव्ही अशा काही घरगुती वस्तूंचे सुटे भाग ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले; काच धुणाऱ्याचा हा छोटा पंप त्या वस्तूंमध्ये नाही. त्याचे व्हॉल्व्ह आणि पडदे सुटे मिळत राहिले तर निगा राखू इच्छिणाऱ्याला ती राखता येते. आवरण कायमचे बंद करून, आतला एक पाच रुपयांचा तुकडा बदलण्याची वाट बुजवून पंप विकला, तर त्याच्यापुढे फेकून देण्याखेरीज मार्ग राहत नाही, आणि त्या फेकण्याचा दोष वापरणाऱ्याकडे येत नाही. तो आवरण बंद करणाऱ्याचा आहे.